संसदेला दोन सदने कशासाठी?



सामाजिक शास्त्राच्या तासाला नववी-दहावीची मुले एक प्रश्न जवळजवळ दर वर्षी विचारतात. "लोकांनी मते देऊन लोकसभा निवडली. कायदे करायला ती पुरे आहे. मग राज्यसभा आणखी कशाला? एकच विधेयक दोनदा कशाला मंजूर करायचे?" पुस्तकातील उत्तर ठरलेले असते: राज्यसभा हे राज्यांचे प्रतिनिधित्व करणारे सदन आहे. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात, पण मुलांच्या मनातील शंका जात नाही. म्हणून या अंकात आम्ही हा विषय थोडा विस्ताराने घेत आहोत.

हा विषय आपल्या शहराला परका नाही. ज्यांचा जन्म १९४८ पूर्वी मलकपेठेत झाला आणि जे सारे आयुष्य येथेच राहिले, त्यांनी घर न बदलता चार राज्ये पाहिली: निझामाची रियासत, त्यानंतरचे हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगणा. यांतील शेवटचे दोन्ही बदल दिल्लीच्या संसदेने कायदा करून घडवले, आणि दोन्ही वेळा विधेयक दोन्ही सदनांतून गेले. तेव्हा संसदेची दोन सदने कशी चालतात हे समजण्यासाठी आपल्याला दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

दोन सदने, दोन मोजमापे

लोकसभा माणसे मोजते. देशाचे ५४३ मतदारसंघ केलेले आहेत आणि प्रत्येकातून एक सदस्य थेट लोकांच्या मताने निवडून जातो. आपला मलकपेठ विधानसभा मतदारसंघ हैदराबाद लोकसभा मतदारसंघात मोडतो. पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ लोकसभेलाच जबाबदार असते. अविश्वासाचा ठराव तेथेच येतो आणि तेथे बहुमत गेले की सरकार जाते.

राज्यसभा राज्ये मोजते. तिचे सदस्य जास्तीत जास्त २५० असू शकतात. सध्याच्या जागा २४५ आहेत. त्यांपैकी १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतून राष्ट्रपती नेमतात. भारतरत्न पां. वा. काणे, नाटककार मामा वरेरकर आणि लता मंगेशकर हे या वाटेने राज्यसभेत गेलेले मराठी सदस्य होत. उरलेल्या २३३ जागा राज्यांना, तसेच दिल्ली, पुद्दुचेरी आणि जम्मू-काश्मीर या विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांना वाटून दिलेल्या आहेत. महाराष्ट्राला १९, कर्नाटकला १२, आंध्र प्रदेशाला ११, तेलंगणाला ७ आणि गोव्याला १.

या सदस्यांना आपण मत देत नाही, आपले आमदार देतात. मोजणीची रीत गणिताच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. समजा तेलंगणातून एका वेळी ३ जागा भरायच्या आहेत आणि सर्व ११९ आमदारांनी मत दिले. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. एकूण झाले ११,९००. याला जागांच्या संख्येत एक मिळवून, म्हणजे ४ ने भागायचे आणि उत्तरात १ मिळवायचा: २,९७६. ज्याला एवढे मूल्य मिळाले तो निवडून आला. म्हणजे पहिल्या पसंतीची ३० मते पुरतात. साध्या बहुमताने मतदान झाले असते तर ६० आमदारांच्या पक्षाने तिन्ही जागा घेतल्या असत्या. या पद्धतीत ३० आमदार असलेल्या विरोधी पक्षालाही एक जागा मिळते. राज्याचा आवाज म्हणजे फक्त तेथील सत्ताधारी पक्षाचा आवाज नव्हे, हा विचार त्यामागे आहे.

आणखी एक फरक आहे. लोकसभा पाच वर्षांनी, कधी त्याआधीही, विसर्जित होते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे एका निवडणुकीच्या लाटेत लोकसभा पूर्ण बदलली तरी राज्यसभा एकदम बदलत नाही.

विधेयक कसे पुढे जाते

साधे विधेयक कोणत्याही सदनात मांडता येते. एका सदनाने मंजूर केले की ते दुसऱ्याकडे जाते. दोघांनी एकाच रूपात मंजूर केल्यावर राष्ट्रपतींची संमती लागते. दोन सदनांत मतभेद झाला तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे दोन्ही सदनांचे सदस्य एकत्र बसून मत देतात. लोकसभेची संख्या दुपटीहून अधिक असल्याने अशा बैठकीत बहुधा लोकसभेचेच चालते. पण असे वरचेवर घडत नाही. १९६१ मध्ये हुंडाबंदी विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी 'पोटा' कायद्यासाठी अशा बैठका झाल्या.

दोन अपवाद लक्षात ठेवले पाहिजेत. कर आणि सरकारी खर्च यांविषयीच्या धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते, तीही १४ दिवसांच्या आत. या बाबतीत ती दुबळी आहे. दुसरा अपवाद उलट दिशेचा आहे. संविधानात दुरुस्ती करायची असेल तर प्रत्येक सदनात स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. येथे संयुक्त बैठक चालत नाही. राज्यसभेने नाही म्हटले की दुरुस्ती तेथेच थांबते. लेखाच्या शेवटी या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

१९५६: हैदराबाद राज्याचे तीन वाटे

नवे राज्य करणे, राज्याची सीमा बदलणे, नाव बदलणे हे अधिकार संविधानाच्या कलम ३ ने संसदेला दिले आहेत. त्यासाठी साधे बहुमत पुरते. ज्या राज्याची सीमा बदलायची त्याच्या विधानमंडळाचे मत राष्ट्रपती मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते.

जुने हैदराबाद राज्य तीन प्रमुख भाषांचे होते. तेलुगु भाषेचा तेलंगणा, मराठी भाषेचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे पाच जिल्हे आणि गुलबर्गा, रायचूर व बिदर हे मुख्यतः कन्नड जिल्हे. शहरात उर्दू तर होतीच. १९५३ च्या अखेरीस नेमलेल्या फाजल अली आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. तेलंगणा काही वर्षे वेगळा ठेवावा आणि पुढे तेथील विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठरवले तरच आंध्रात मिळवावा, असे आयोगाचे म्हणणे होते. पण सरकार व संसदेने तसे केले नाही. राज्य पुनर्रचना विधेयक दोन्ही सदनांच्या संयुक्त समितीकडे गेले, ऑगस्ट १९५६ मध्ये मंजूर झाले आणि ३१ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाली. तेलंगणा आंध्र प्रदेशात, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला.

हा कायदा वाचताना एक गोष्ट जाणवते. संसदेने जिल्हेच्या जिल्हे उचलून इकडचे तिकडे ठेवले एवढेच नाही, तर तालुके आणि महसुली मंडळेसुद्धा निवडून काढली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा मराठवाड्यात राहिले. काचीगुड्याहून नांदेड-परभणीकडे जाणाऱ्या गाडीतून मामाच्या गावी जाणारी आपली मुले ज्या सीमा ओलांडतात, त्या दिल्लीत कायद्याच्या कलमांत अशा एकेक नाव घेऊन आखल्या गेल्या.

मात्र रेषा कितीही बारीक आखली तरी प्रत्येक बाजूला दुसऱ्या भाषेची माणसे उरतातच. नोकरी, वकिली, व्यापार, शिक्षण यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेली मराठी घरे कोठे जाणार होती? १९५६ पूर्वी ती ज्या राज्यात होती त्याचे पाच जिल्हे मराठी होते आणि विधानसभेत मराठी आमदारांचा मोठा गट होता. १ नोव्हेंबरला सकाळी तीच घरे, त्याच गल्लीत, एका मोठ्या तेलुगु राज्यातील छोटा भाषिक गट झाली.

२०१४: पुन्हा तेच कलम

तेलंगणाच्या निर्मितीच्या वेळी हेच कलम ३ कामी आले. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी पुनर्रचना विधेयक नाकारले. तरी संसद पुढे गेली, कारण राज्याचे मत ऐकणे बंधनकारक होते, मानणे नव्हे. १८ फेब्रुवारीला लोकसभेने आणि २० फेब्रुवारीला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. १ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आला.

या प्रसंगी दुसऱ्या सदनाने काय केले? राज्यसभेत सीमांध्राच्या बाजूने मागण्या जोराने मांडल्या गेल्या. त्यावेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग हे स्वतः राज्यसभेचे सदस्य होते. त्यांनी त्याच दिवशी सदनात आश्वासन दिले की उरलेल्या आंध्र प्रदेशाला पाच वर्षांसाठी विशेष श्रेणीचा दर्जा देण्यात येईल. मात्र ही गोष्ट विधेयकाच्या मजकुरात नव्हती. विधेयकात बदल केला असता तर ते पुन्हा लोकसभेकडे न्यावे लागले असते. पुढे सरकार बदलले आणि तो दर्जा मिळाला नाही. २०१६ मध्ये विशेष आर्थिक साहाय्य जाहीर झाले. विद्यार्थ्यांनी यातून एक साधी गोष्ट टिपून ठेवावी. सदनातील भाषणाला मान असतो, पण न्यायालयात आणि कचेरीत चालतो तो कायद्याचा मजकूर.

तेलंगणालाही लगेच दुसऱ्या बाजूचा अनुभव आला. पोलवरम धरणासाठी खम्मम जिल्ह्यातील सात मंडळे आंध्र प्रदेशाला देणारे विधेयक जुलै २०१४ मध्ये दोन्ही सदनांत मंजूर झाले. तेलंगणाच्या सदस्यांनी विरोध केला, पण लोकसभेच्या ५४३ जागांत तेलंगणाच्या १७ आणि राज्यसभेच्या २४५ जागांत ७. फेब्रुवारीत ज्या नियमाने तेलंगणा मिळाला, त्याच नियमाने जुलैमध्ये सात मंडळे गेली.

राज्यसभा 'नाही' म्हणते तेव्हा

राज्यसभा नुसता शिक्का मारते, असा समज यावरून होऊ नये. १९८९ चे उदाहरण पाहा. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४०० हून अधिक जागा जिंकल्या होत्या. त्या सरकारने पंचायत राज आणि नगरपालिका यांसाठी ६४ वे व ६५ वे घटनादुरुस्ती विधेयक आणले. लोकसभेत ते सहज मंजूर झाले. राज्यसभेत मात्र ऑक्टोबर १९८९ मध्ये दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि दोन्ही विधेयके पडली. गावोगावच्या पंचायतींना अधिकार द्यावेत हे बहुतेकांना मान्य होते. केंद्र सरकार राज्यांना बाजूला सारून थेट पंचायतींशी नाते जोडू पाहते, हा मोठा आक्षेप होता. नंतर १९९२ मध्ये सुधारलेली विधेयके आली, दोन्ही सदनांनी मंजूर केली आणि ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. आज महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव असलेल्या ज्या पंचायती आपण पाहतो, त्या या दुरुस्तीच्या आहेत. तीन वर्षे उशीर झाला हे खरे, पण कोणते अधिकार द्यायचे हे ठरवण्याचे काम बऱ्याच अंशी राज्यांच्या विधानमंडळांकडे राहिले.

राज्यसभेकडे राज्यांविषयीचे आणखी दोन खास अधिकार आहेत. राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करणे राष्ट्रहितासाठी जरूर आहे, असा ठराव दोन तृतीयांश मतांनी फक्त राज्यसभाच करू शकते (कलम २४९). नवी अखिल भारतीय सेवा सुरू करण्यासाठीही तिचाच ठराव लागतो (कलम ३१२). राज्यांच्या खोलीची किल्ली राज्यांच्या सदनाकडे ठेवली आहे, असे म्हणता येईल.

उणिवाही आहेत

सारे ठीक आहे असे सांगून आम्ही मुलांची फसवणूक करणार नाही. पहिली उणीव अशी की आपल्या राज्यसभेत राज्ये समान नाहीत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशाला ३१ आणि सिक्कीमला १. लोकसभेत हेच आकडे ८० आणि १ असे आहेत. म्हणजे लहान राज्याचे वजन राज्यसभेत वाढते, पण बरोबरी होत नाही.

दुसरी उणीव २००३ नंतरची. पूर्वी ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचे तेथील मतदार असणे जरूर होते. २००३ मध्ये कायदा बदलून ही अट काढली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. आता तेलंगणाचा प्रतिनिधी तेलंगणात राहणारा असलाच पाहिजे असे नाही. तो येथील लोकांसाठी बोलतो की पक्षासाठी, हा प्रश्न उरतो. २०१४ मध्ये जुन्या आंध्र प्रदेशाच्या राज्यसभा सदस्यांची दोन राज्यांत वाटणी सोडत काढून झाली, तेव्हा आंध्रातील काही सदस्य तेलंगणाच्या खात्यावर आणि तेलंगणातील काही आंध्राच्या खात्यावर गेले. त्या चिठ्ठ्यांनी हा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांसमोर आणला.

इतर देश काय करतात

अनेक भाषा आणि समाज एकत्र नांदवण्यासाठी दुसरे सदन ठेवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श या चार राष्ट्रीय भाषा आहेत. तेथे दुसऱ्या सदनात ४६ जागा आहेत: २० प्रांतांना दोन-दोन आणि ६ लहान प्रांतांना एक-एक. दोन्ही सदनांचे अधिकार समान आहेत. जर्मन भाषकांची संख्या सर्वांत जास्त असली तरी इतर प्रांतांना विचारल्याशिवाय कायदा होत नाही.

बोस्नियाने वेगळा मार्ग घेतला. तेथे १९९२ ते १९९५ असे भीषण युद्ध झाले. त्यानंतरच्या समझोत्यात दुसऱ्या सदनाच्या १५ जागा समाजांना वाटून दिल्या: ५ बोस्नियाक, ५ क्रोएट, ५ सर्ब. युद्ध थांबले, ही मोठी गोष्ट झाली. पण जो ज्यू आहे किंवा रोमा आहे, तो या तिघांत बसत नाही, त्याला त्या सदनात जागाच नाही. २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला.

भारताने जागा राज्यांना दिल्या, भाषांना किंवा जातीधर्मांना नाही. राज्यसभेत 'मराठीच्या' किंवा 'तेलुगुच्या' जागा नाहीत, महाराष्ट्राच्या आणि तेलंगणाच्या आहेत. तेलंगणाच्या जागेवर मराठी माणूस निवडून जाऊ शकतो, महाराष्ट्राच्या जागेवर तेलुगु माणूस. बोस्नियातील ज्यू नागरिकासारखे दार कोणालाही बंद नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की राज्याच्या आतील छोट्या भाषिक गटासाठी राज्यसभेत राखून ठेवलेले असे काही नाही.

मग आपण कोठे?

हैदराबादच्या मराठी समाजाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. तेलंगणाचे सात सदस्य तेलंगणासाठी बोलतील, महाराष्ट्राचे एकोणीस महाराष्ट्रासाठी. मलकपेठेतील मराठी शाळेसाठी कोण बोलणार?

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखला होता. १९५२ पासून १९५६ मधील निधनापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर राज्यसभेत बोलताना भाषावार राज्यांत छोट्या समाजांना संरक्षण हवे, यावर त्यांनी भर दिला आणि त्यासाठी राज्यपालाकडे खास अधिकार ठेवावेत असे सुचवले. भाषावार राज्यांविषयीच्या १९५५ च्या पुस्तकात तर हैदराबाद ही भारताची दुसरी राजधानी करावी, असे त्यांनी मांडले होते. राजधानी काही झाली नाही. पण छोट्या गटांच्या संरक्षणाची गरज संविधानात वेगळ्या मार्गाने मान्य झाली.

कलम २९ प्रमाणे आपली भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा हक्क प्रत्येक गटाला आहे. कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा हक्क आहे. अल्पसंख्य कोण, हे राज्यवार मोजायचे असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून मराठी महाराष्ट्रात बहुसंख्य आणि तेलंगणात अल्पसंख्य. तेलुगु तेलंगणात बहुसंख्य आणि सोलापुरात अल्पसंख्य. हा हक्क कोणा एका भाषेला दिलेली मेहेरबानी नाही.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना करताना संसदेने सातवी घटनादुरुस्तीही केली. तिने कलम ३५०क आणि ३५०ख जोडले. पहिले म्हणते की भाषिक अल्पसंख्य गटांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी ठेवला. संविधानाने दिलेल्या संरक्षणांची तपासणी करून तो राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सदनांसमोर ठेवावा लागतो. ज्या संसदेने आपले राज्य तीन ठिकाणी वाटले, तिनेच त्या वाटणीत मागे राहणाऱ्यांसाठी ही दोन कलमे लिहिली.

आता घटनादुरुस्तीच्या मुद्द्याकडे परत येऊ. राज्याची सीमा साध्या बहुमताने बदलते. पण कलम २९, ३०, ३५०क, ३५०ख यांतला एक शब्द बदलायचा असेल तर प्रत्येक सदनात वेगवेगळे दोन तृतीयांश बहुमत हवे. एका निवडणुकीची लाट लोकसभा भरू शकेल, पण राज्यसभा एका वर्षात भरत नाही. तेथे निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या राज्यांतून निवडलेले लोक बसलेले असतात, आणि त्या प्रत्येक राज्याचे भाषिक बांधव दुसऱ्या कोठल्या तरी राज्यात अल्पसंख्य म्हणून राहत असतात. तेव्हा राज्यसभेत आपली जागा नसली तरी आपला हक्क ज्या कुलुपात आहे, त्याची एक किल्ली तिच्याकडे आहे. मुलांच्या "दुसरे सदन कशाला" या प्रश्नाचे आम्हाला पटलेले उत्तर हे आहे.

आपल्या राज्यातील दुसरे सदन

काही राज्यांतही दुसरे सदन असते, त्याला विधान परिषद म्हणतात. आंध्र प्रदेशात ती १९५८ मध्ये आली, १९८५ मध्ये बरखास्त झाली आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेलंगणाच्या परिषदेत ४० सदस्य आहेत: १४ आमदारांनी निवडलेले, १४ स्थानिक संस्थांतून, ३ पदवीधरांचे, ३ शिक्षकांचे आणि ६ राज्यपालांनी नेमलेले. मात्र राज्यसभेइतका अधिकार परिषदेला नाही. ती विधेयक काही महिने लांबवू शकते, कायमचे अडवू शकत नाही. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला आणि संसदेने साधा कायदा केला की परिषदच रद्द होऊ शकते.

तरी तिचे महत्त्व आपण कमी मानू नये. शाळांविषयीचे राज्याचे कायदे तेथूनही जातात. २०१८ मध्ये तेलंगणात सर्व शाळांत तेलुगु शिकवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. ज्या राज्यात राहतो त्याची भाषा मुलांना उत्तम यावी, असे आमचे ठाम मत आहे. तेलुगुबरोबर मराठीही टिकावी यासाठी तास कसे बसवायचे, शिक्षक कोठून आणायचे, हे प्रश्न मात्र आपणच सदनापर्यंत पोचवले पाहिजेत.

आता थोडे काम

पालकांना तीन विनंत्या आहेत. घरात जे पदवीधर आहेत, त्यांनी पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव नोंदवावे. ही यादी नेहमीच्या मतदार यादीहून वेगळी असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. माध्यमिक व त्यावरील वर्गांना शिकवणाऱ्यांनी शिक्षक मतदारसंघाची नोंद पाहावी. आणि जनगणनेचे कर्मचारी दारी येतील तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते याकडे लक्ष द्यावे. घाईत "हिंदी" किंवा "तेलुगु" लिहून मोकळे होऊ नये. भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयी ठरवताना हेच आकडे पाहिले जातात.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी तेलंगणाचे सात राज्यसभा सदस्य कोण, त्यांची मुदत कधी संपते, आणि गेल्या अधिवेशनात त्यांनी कोणते प्रश्न विचारले, याची माहिती वर्तमानपत्रे व ग्रंथालयातून गोळा करावी. प्रत्येकाने त्यांपैकी एका सदस्याच्या नावे मराठी शिक्षणाविषयी एक पत्र लिहून आणावे. पत्र मराठीत लिहून खाली तेलुगुत किंवा हिंदीत सार द्यावे. चांगली पत्रे शाळेतर्फे खरोखर पाठवली जातील आणि उत्तर आले तर ते याच पानावर छापले जाईल.